राज्याच्या जमाखर्चाची वही

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



या व्यासपीठावरून आजवर साहित्यिकांची, गायकांची आणि इतिहाससंशोधकांची व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीला एका हिशेबाच्या माणसाला बसवताना कार्यवाहांना थोडा संकोच वाटला असावा. विषय ठरवण्यासाठी ते घरी आले तेव्हा "आकडे शक्यतो कमी ठेवा" एवढी एकच सूचना त्यांनी केली. ती पाळण्याचा प्रयत्न करतो. पण विषयच राज्य सरकारच्या जमाखर्चाचा असल्यामुळे थोडे अपराध माझ्या हातून होतील, त्यांची क्षमा आधीच मागून ठेवतो.

मध्यप्रदेशाची राजधानी 1956 साली भोपाळला झाली. मंत्री तेथे, विधानसभा तेथे, अर्थसंकल्पही तेथेच मांडला जातो. परंतु त्या अर्थसंकल्पाचे पुढे प्रत्यक्षात काय झाले याचा हिशेब लिहिणारे महालेखापालांचे कार्यालय मात्र आपल्या ग्वाल्हेरीत आहे. लश्करातल्या कितीतरी मराठी घरांतून एखादा काका किंवा मामा 'एजी ऑफिसात' असे, आणि तो संध्याकाळी याच वाचनालयात वर्तमानपत्र चाळायला येई. मीही त्यांच्यातलाच. चौतीस वर्षे राज्यभरच्या कोषागारांतून येणारे हिशेब तपासले, बेरजा जुळवल्या आणि सही करून कागद पुढे सरकवले. त्या बेरजांच्या मागे काय असते, हे मात्र मला निवृत्तीनंतर कळले, आणि तेही एका शिक्षिकाबाईंमुळे.

बाई आपल्या जिल्ह्यातल्याच एका गावी मुलींच्या शाळेत पुष्कळ वर्षे शिकवत होत्या. निवृत्त होऊन त्या लश्करात भावाकडे राहायला आल्या आणि वाचनालयाच्या सभासद झाल्या. एके दिवशी त्यांनी मला येथेच गाठले. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हिशेबाच्या ऑफिसात होता ना? मग एवढे सांगा. ग्रामीण भागातल्या मुलींच्या शाळांना इमारती बांधून देऊ, असे अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितले होते. आमच्या शाळेचे नाव यादीत होते. आम्ही गावात पेढे वाटले. त्याला सात वर्षे झाली आणि मुली अजून पत्र्याखाली बसतात. ते पैसे गेले कुठे?"

मी त्यांना सरकारी नोकराचे ठरावीक उत्तर दिले, की एवढे खोलात जाऊन सांगणे कठीण आहे. बाई काही बोलल्या नाहीत. "बरं," म्हणून पुस्तक बदलून निघून गेल्या. घरी गेल्यावर मात्र मला चैन पडेना, कारण ते उत्तर खरे नव्हते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर छापील स्वरूपात उपलब्ध होते आणि ते कुठे शोधायचे हे या गावात माझ्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. ते कसे शोधावे, एवढेच आज सांगायचे आहे.

सामान्य नागरिकाने सरकारचे हिशेब वाचावेत ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मराठी माणसाला तर ती परकी वाटू नये. पुण्याची सार्वजनिक सभा 1870 साली स्थापन झाली आणि 1878 पासून तिचे त्रैमासिक निघू लागले. त्यात न्यायमूर्ती रानडे यांच्याबरोबरीने लिहिणारे गणेश व्यंकटेश जोशी हे पेशाने शिक्षक होते. सरकारची नीलपुस्तके आणि प्रशासनाचे वार्षिक अहवाल घेऊन ते बसत आणि जमीनमहसूल, लष्करखर्च, मिठावरचा कर यांचे आकडे वर्षांमागून वर्षे लावून पाहत. त्यांच्याजवळ गुप्त असे काहीच नव्हते. जे होते ते सरकारनेच छापलेले होते; सरकारची अपेक्षा मात्र ते कोणी वाचू नये अशी असावी. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 26 मार्च 1902 रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात आपले पहिले अर्थसंकल्पीय भाषण केले, त्याच्या तयारीत जोशींचा मोठा हात होता. तिजोरीत शिल्लक पडते आहे म्हणून देश सुखी आहे असे नव्हे, ती शिल्लक गरिबाकडून जास्त कर घेतल्याची खूण आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. पुढल्याच वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. तो एका भाषणामुळेच आला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

महू येथे जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावर प्रबंध लिहिला आणि 1925 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, हे आपण जाणताच. आज राज्याचे उत्पन्न कोणते, केंद्राचे कोणते, आणि एकाने दुसऱ्याला किती द्यावे यावर जे वाद चालतात त्यांची पूर्वपीठिका त्या ग्रंथात आहे. पुढे घटना समितीत नियंत्रक व महालेखापरीक्षक या पदाचे महत्त्व त्यांनी आग्रहाने सांगितले, त्यामागे हा अभ्यास होता असे मला वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. घटनेच्या 202 व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यपालांना दर आर्थिक वर्षासाठी अंदाजित जमाखर्चाचे विवरण विधिमंडळापुढे ठेववावे लागते. यालाच आपण अर्थसंकल्प म्हणतो. वर्तमानपत्रांत येते ते अर्थमंत्र्यांचे भाषण. पण भाषण म्हणजे अर्थसंकल्प नव्हे. लग्नपत्रिका आणि लग्नाचा खर्च यांत जेवढे अंतर असते, तेवढे या दोहोंत आहे. खरी माहिती खात्यांच्या मागण्यांच्या जाडजूड खंडांत असते. हे खंड वित्त विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यांत प्रत्येक ओळीपुढे आकड्यांचे स्तंभ असतात आणि हे स्तंभ नीट समजले की अर्धे काम झाले.

2025-26 चा अर्थसंकल्प हाती घेतला, तर त्यात 2025-26 चा अंदाज असतो, चालू वर्षाचा म्हणजे 2024-25 चा मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज असतो, आणि 2023-24 चा प्रत्यक्ष जमाखर्च असतो. म्हणजे एका वर्षाचा संकल्प, एका वर्षाची कबुली आणि एका वर्षाचे वास्तव एकाच पानावर असते. लोक, आणि क्षमा करा, पुष्कळसे पत्रकारसुद्धा, फक्त पहिला आकडा पाहतात. 2025-26 साठी मध्यप्रदेशाचा अर्थसंकल्प चार लाख एकवीस हजार कोटी रुपयांचा होता, एवढे सर्वांना कळले. पण 2023-24 मध्ये जे मंजूर झाले होते त्यातले किती खर्च झाले, हे त्याच पुस्तकातून काढता येत असूनही कोणी काढत नाही. त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचे पुस्तक शेजारी ठेवावे लागते, एवढेच. मूळ अंदाज त्या जुन्या पुस्तकात आणि प्रत्यक्ष खर्च नव्यात. जुनी पुस्तके जपून ठेवणारी जागा म्हणजे ग्रंथालय. म्हणून हा विषय येथे अगदीच अस्थानी नाही.

दुसरी गोष्ट लेखाशीर्षांची. प्रत्येक ओळीला क्रमांक असतो आणि त्याचे पहिले चार अंक म्हणजे प्रधान शीर्ष. ही शीर्षे साऱ्या देशात एकसारखी आहेत. 0 किंवा 1 ने सुरू होणारे शीर्ष महसुली जमेचे, 2 किंवा 3 ने सुरू होणारे महसुली खर्चाचे, 4 किंवा 5 चे भांडवली खर्चाचे, 6 किंवा 7 चे कर्जांचे आणि 8 चे लोकलेख्याचे, म्हणजे सरकारकडे ठेव म्हणून असलेल्या पैशाचे. 2202 म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, 2210 म्हणजे वैद्यकीय सेवा व सार्वजनिक आरोग्य, 2049 म्हणजे व्याज, 2071 म्हणजे निवृत्तिवेतन. माझी दर महिन्याची भाकरी याच शेवटच्या शीर्षातून येते. शाळेत पगार आणि खडू यांवर होणारा खर्च 2202 खाली लिहिला जातो, पण शाळेची इमारत बांधली तर तो खर्च 4202 खाली जातो. हा भेद ठाऊक नसला तर माणूस चुकीच्या खंडात महिनाभर शोधत बसतो. 2205 म्हणजे कला व संस्कृती आणि त्यात गौण शीर्ष 105 सार्वजनिक ग्रंथालयांचे. कार्यकारी मंडळाने आपल्या अनुदानाची चिंता करताना ही ओळ दर वर्षी पाहावी, असे मी सुचवीन.

आणखी एक सावधगिरी. शिक्षणाचा सगळा पैसा शिक्षण खात्याच्या मागणीत सापडत नाही. आदिवासी भागातल्या शाळांचा पैसा दुसऱ्या मागणीखाली असू शकतो, इमारतीचा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, तर पंचायतींमार्फत होणारा आणखी तिसरीकडे. प्रधान शीर्ष धरून सगळ्या मागण्या धुंडाळाव्यात. मग बेरीज जुळते.

तर मी बाईंसाठी 4202 धरले. घोषणेच्या वर्षीच्या पुस्तकात त्या योजनेपुढे फक्त सांकेतिक तरतूद होती. शीर्ष उघडे राहावे म्हणून ठेवलेल्या नाममात्र रकमेला हे नाव आहे. म्हणजे भाषणात टाळ्या मिळाल्या त्या वर्षी पुस्तकात पैसे नव्हतेच. पुढल्या वर्षी मात्र खरीखुरी, चांगली घसघशीत तरतूद दिसली. सुधारित अंदाजात ती बरीच खाली आली होती. आणि त्यापुढच्या वर्षीच्या पुस्तकात, प्रत्यक्ष खर्चाच्या स्तंभात, जवळजवळ काहीच नव्हते.

येथे अर्थसंकल्पाची पुस्तके थांबतात, आणि आमच्या कार्यालयाची सुरू होतात. विधानसभेने मंजूर केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांची ओळीला ओळ लावून तुलना करणारा एक वार्षिक ग्रंथ असतो, त्याचे नाव विनियोजन लेखे. राज्याची सगळी जमा, खर्च, कर्जे, दिलेल्या हम्या आणि ठेवी दाखवणारा दुसरा ग्रंथ म्हणजे वित्तीय लेखे. महालेखापाल ते तयार करतात, त्यांचे लेखापरीक्षण होते आणि घटनेच्या 151 व्या अनुच्छेदाप्रमाणे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे राज्याच्या हिशेबाविषयीचे अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवले जातात. किती दिवसांत ठेवावेत याची मुदत घटनेने घातलेली नाही. त्या मौनाचा फायदा अनेक राज्यांतल्या अनेक सरकारांनी घेतला आहे.

विनियोजन लेखे हा रसहीन ग्रंथ आहे, असे मी चौतीस वर्षे समजत होतो. त्यात मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला असेल तर तो जादा खर्च म्हणून दाखवतात, आणि घटनेच्या 205 व्या अनुच्छेदाखाली विधानसभेकडून तो नियमित करून घ्यावा लागतो. कमी झाला असेल तर ती बचत. 'बचत' हा शब्द ऐकायला किती गोड! गृहिणीची बचत ती गृहिणीची पुण्याई. पण सरकारी लेख्यातली बचत पुष्कळदा न बांधलेली शाळा किंवा न भरलेली जागा असते. मोठ्या बचतीचे कारण खात्याने कळवावे असा नियम आहे. खाते कळवत नाही. मग त्या ओळीखाली एक वाक्य छापले जाते, की बचतीची कारणे कळवण्यात आलेली नाहीत.

बाईंच्या योजनेखाली हेच वाक्य होते. संपूर्ण तरतूद 31 मार्चला, म्हणजे वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, प्रत्यर्पित केलेली होती. त्या दिवशी परत केलेला पैसा दुसऱ्या कोणत्याही कामाला वळवायला वेळ उरत नाही. मी वर्ष पाहिले. त्या वर्षी मी त्याच शाखेत होतो. तो मजकूर तपासून त्याखाली सही करणाऱ्यांत माझी सही होती. 'कारणे कळवण्यात आलेली नाहीत' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा वाचले असेल याची गणती नाही, आणि कोणाला न कळवण्यात आलेली, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

हे आकडे कधीकधी फार मोठे बोलतात. बिहारमधला चारा घोटाळा जानेवारी 1996 मध्ये चाईबासाच्या कोषागारापासून उघडकीला आला. पशुसंवर्धन खात्याला जेवढे मंजूर होते त्याहून कितीतरी अधिक रक्कम कोषागारांतून उचलली जात होती. मंजुरीचा आकडा छापील होता आणि उचलीचा आकडा कोषागारांच्या हिशेबात होता. दोन्ही वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असूनही ते शेजारी शेजारी ठेवायला फार उशीर लागला.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या शेजारच्या गुजरातेतले आहे. अहमदाबादच्या 'दिशा' या संस्थेचे कार्यकर्ते मूळचे आदिवासी आणि वनमजुरांच्या हक्कांसाठी झगडणारे. आदिवासींसाठी म्हणून जाहीर होणारा पैसा त्यांच्यापर्यंत का पोहोचत नाही, हे पाहण्यासाठी 1990 नंतरच्या दशकात त्यांनी राज्याचा अर्थसंकल्प हाती घेतला. त्यांच्यात कोणी मोठे अर्थशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी आधी नुसत्या बेरजा करून पाहिल्या आणि सरकारी पुस्तकात बेरजेच्या शेकडो चुका निघाल्या! मग एकेका खात्यावर चार-पाच पानांचे सोप्या गुजरातीतले टिपण काढून ते चर्चेच्या आधी आमदारांच्या हाती देऊ लागले. आमदारालाही ते जाड खंड वाचायला वेळ नसतो, हे त्यांनी बरोबर हेरले होते. मंत्र्यांना सभागृहात अडचणीचे प्रश्न येऊ लागले. आपल्याला आमदाराचा राग करण्याची सवय आहे. त्याला वेळेवर टिपण देण्याची नाही.

आणखी दोन-तीन खाचखळगे सांगून टाकतो. 'खर्च झाला' असे लेख्यात दिसले म्हणजे काम झालेच असे मानू नये. मार्च महिन्यात पैसा परत जाऊ नये म्हणून तो एकत्रित निधीतून काढून वैयक्तिक ठेव लेख्यात ठेवण्याची युक्ती जुनी आहे. 2202 खाली खर्च पडलेला दिसतो आणि पैसा 8443 या ठेवींच्या शीर्षाखाली पडून असतो. संस्थांना दिलेल्या अनुदानांची उपयोगिता प्रमाणपत्रे किती थकली आहेत, हे महालेखापरीक्षकांच्या राज्य वित्तव्यवस्थेवरील अहवालात दिलेले असते. तो भाग अवश्य वाचावा. '800 – इतर खर्च' असे गौण शीर्ष फार मोठे दिसले तर थांबावे, कारण ज्याला नाव द्यायचे नसते ते तेथे जाते.

जमेची बाजू मी झटपट उरकतो. आपल्या राज्याच्या महसुलातला निम्म्याच्या आसपास भाग केंद्राकडून येतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी विभाज्य केंद्रीय करांतला 41 टक्के वाटा सर्व राज्यांना दिला आणि त्यात मध्यप्रदेशाचा हिस्सा 7.85 टक्के ठरवला. केंद्राचे उपकर आणि अधिभार या वाटणीत येत नाहीत, ही राज्यांची जुनी तक्रार आहे आणि मला ती रास्त वाटते. कर्ज किती, हे पाहताना सरकारने स्वतः काढलेल्या कर्जाबरोबर वीज कंपन्या व महामंडळे यांना दिलेल्या हम्याही पाहाव्यात. इतर राज्यांशी तुलना करायची असेल तर रिझर्व्ह बँक दर वर्षी सर्व राज्यांच्या अर्थसंकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध करते, तो पुरेसा आहे. चालू वर्षात काय चालले आहे हे पाहायचे असेल तर नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावर राज्याच्या मासिक लेख्यांतील ठळक आकडे मिळतात. या गोष्टी आमच्या काळी कपाटात कुलूपबंद असत.

पण कोणत्याही लेख्यात अमुक गावची अमुक शाळा सापडत नाही. लेखे योजनेपर्यंत येतात आणि थांबतात. तेथून पुढे 2005 चा माहितीचा अधिकार कामाला येतो. विचारताना मात्र 'आमच्या शाळेचे पैसे कुठे गेले' असे विचारू नये. त्याला उत्तर येत नाही. अमुक वर्षाच्या अमुक मागणीतल्या, अमुक लेखाशीर्षाखालच्या तरतुदीतून कोणत्या कामांना प्रशासकीय मंजुरी दिली, त्यांची यादी, आणि रक्कम प्रत्यर्पित करण्याच्या प्रस्तावाची प्रत द्यावी, असे लिहावे. लेखाशीर्ष लिहिलेल्या अर्जाला कार्यालय वेगळ्या नजरेने पाहते, हे मी पलीकडच्या टेबलावरून सांगतो.

बाईंनी अर्ज केला. मसुदा माझा, अक्षर त्यांचे, शाळामास्तरणीचे, फळ्यावरच्यासारखे. पहिल्या वेळी उत्तर आले नाही, अपील करावे लागले. अखेर चार पानांची प्रत आली. त्यात लिहिले होते, की यादीतल्या काही शाळांच्या जागा खात्याच्या नावावर नसल्यामुळे कामे सुरू करता आली नाहीत. बाईंच्या शाळेची जागा कागदोपत्री पंचायतीची होती. एक ठराव आणि खसऱ्यातली एक नोंद एवढेच कमी होते. सात वर्षांत हे गावाला कोणी सांगितले नव्हते. पत्र खात्यातून निघाले होते, पण ते जिल्ह्याच्या कार्यालयातच फायलीला लागले होते.

त्या उन्हाळ्यात बाई गावी जाऊन महिनाभर राहिल्या. ठराव झाला, नोंद झाली. पुढे दोन अर्थसंकल्प गेल्यावर तीन खोल्या उभ्या राहिल्या. पाच मंजूर होत्या. उरलेल्या दोन खोल्यांची रक्कम कुठे आहे, हे मी अजून शोधतो आहे.

या शोधासाठी केलेली माझी वही मी आज वाचनालयाला देत आहे. तिच्यात आपल्या जिल्ह्याशी संबंधित बारा ओळी आहेत, त्यातली एक 2205-105 ही ग्रंथालयांची. प्रत्येकीपुढे मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने आखले आहेत. शेवटच्या दोन वर्षांचा तिसरा रकाना कोरा आहे, कारण ते आकडे यायचे आहेत. कार्यवाहांनी वही संदर्भ विभागात, डावीकडच्या कपाटात ठेवण्याचे कबूल केले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी तेथे बसेन. येताना पेन्सिल आणि खोडरबर आणावे.